पाटी आधी, गाडी नंतर: पीएचपीतून एचटीटीपी हेडर कसे पाठवायचे

आमच्या गल्लीतल्या गणेश मंडळाची वर्गणी मी एका छोट्या पीएचपी साइटवर नोंदवायला घेतली आणि पहिल्याच वर्षी एका काकांच्या नावावर ५०१ रुपयांच्या तीन पावत्या निघाल्या. काकांनी पैसे एकदाच दिले होते. पावती करणाऱ्या पोराने "सेव्ह झालं की नाही?" म्हणून पान दोनदा रिफ्रेश केलं, एवढंच. चूक पोराची नव्हती, माझी होती. नोंद झाल्यावर ब्राउझरला पुढच्या पानावर धाडणारा एक हेडर मी लिहिलाच नव्हता. तो लिहायला बसलो तर दुसराच घोळ समोर आला, पीएचपी शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला येणारा. तुम्ही आत्ता तिथेच अडकला असाल तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. फंक्शनची नावं आणि कोडच्या ओळी इथे उच्चारल्या जातात तशा देवनागरीत लिहिल्या आहेत. एडिटरमध्ये त्या अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाकायच्या.

सर्व्हर नेमकं काय धाडतो

ब्राउझरने पान मागितलं की सर्व्हरच्या उत्तरात सगळ्यात आधी स्थितीची ओळ असते: २०० म्हणजे ठीक, ४०४ म्हणजे सापडलं नाही, वगैरे. मग हेडरच्या ओळी येतात. प्रत्येकीत नाव, कोलन आणि त्याची किंमत. मग एक कोरी ओळ. आणि तिच्यानंतर मजकूर, म्हणजे तुमचं एचटीएमएल. ती कोरी ओळ हीच हद्द. तिच्या वर हेडर, खाली मजकूर, आणि एकदा खाली उतरलं की वर जाता येत नाही. एसटीच्या पाटीसारखं आहे हे. पाटी स्टँडवर असतानाच लावायची. गाडी हमरस्त्याला लागल्यावर कंडक्टरला आठवलं तरी उपयोग नाही.

पूर्वी पर्लमध्ये सीजीआय स्क्रिप्ट लिहिणारी मंडळी ही कोरी ओळ स्वतःच्या हाताने छापायची. विसरली की सर्व्हर थेट ५००, म्हणजे "सर्व्हरमध्येच चूक", तोंडावर मारायचा. पीएचपीने ती कटकट आपल्याकडे घेतली. तुम्ही हेडर सांगत राहायचं, पीएचपी ते साठवत राहतं, आणि तुम्ही पहिलं अक्षर छापलंत की आधी साठलेले हेडर, मग कोरी ओळ, मग ते अक्षर असं सगळं रवाना होतं. सोय झाली खरी, पण हद्द डोळ्यांना दिसेनाशी झाली. पुढचे बहुतेक त्रास यातूनच आलेले आहेत.

पायरी पहिली: हेडर बघायची सवय

हेडर पाठवण्याआधी ते बघता आले पाहिजेत, नाहीतर सगळं अंधारात चाचपडणं. एका रिकाम्या फोल्डरमध्ये टर्मिनल उघडा आणि पीएचपीचा स्वतःचा छोटा सर्व्हर चालू करा: "पीएचपी", मग आडवी रेघ आणि मोठं "एस", मग "लोकलहोस्ट:८०००". हा सर्व्हर पीएचपी ५.४ पासून सोबतच येतो. अपाची वगैरेची गरज शिकताना नाही.

त्याच फोल्डरमध्ये चाचणी नावाची एक पीएचपी फाइल करा आणि त्यात पीएचपीच्या सुरुवातीच्या टॅगखाली दोनच ओळी लिहा:

हेडर("कंटेंट-टाइप: टेक्स्ट/प्लेन; चारसेट=यूटीएफ-८");
एको "<बी>नमस्कार</बी>";

ब्राउझरमध्ये उघडा. "नमस्कार" ठळक दिसणार नाही. टॅगसकट जसंच्या तसं दिसेल, कारण तुम्ही ब्राउझरला सांगितलंत की हा साधा मजकूर आहे. आता हेडरची ओळ काढून टाका आणि पुन्हा उघडा. शब्द ठळक झाला. तुम्ही काहीच सांगितलं नाहीत तेव्हा पीएचपीने आपणहून टेक्स्ट/एचटीएमएल आणि यूटीएफ-८ असा हेडर पाठवला. मजकूर तोच होता, तो कसा वाचायचा हे फक्त पाटीवरून ठरलं.

आता एफ१२ दाबून ब्राउझरचं नेटवर्क पान उघडा, रिफ्रेश करा, पहिल्या ओळीवर क्लिक करा. उजवीकडे हेडर दिसतील. तिथला "प्रिझर्व्ह लॉग" हा चौकोन टिक करून ठेवा, कारण पान दुसरीकडे वळवलं की आधीची नोंद पुसली जाते आणि नेमकी तीच आपल्याला बघायची असते. मी स्वतः टर्मिनलमधला कर्ल, म्हणजे ब्राउझरशिवाय पान मागवणारी आज्ञा, वापरतो. कर्ल, मग आडवी रेघ आणि लहान "आय", मग पत्ता, की हेडर आणि मजकूर दोन्ही समोर, मधली कोरी ओळसुद्धा. ब्राउझर समजूतदारपणे झाकून घेतो ते सगळं कर्ल उघडं पाडतो. विंडोजच्या जुन्या पॉवरशेलमध्ये "कर्ल" हे नाव वेगळ्याच आज्ञेला दिलेलं असतं, तिथे "कर्ल.ईएक्सई" असं पूर्ण लिहा.

आणि हो, फाइल थेट टर्मिनलमधून "पीएचपी चाचणी.पीएचपी" अशी चालवून हेडर शोधू नका. कमांड लाइनवर हेडर छापलेच जात नाहीत. यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली आहे.

पायरी दुसरी: "हेडर्स ऑलरेडी सेंट"

आता मुद्दाम चूक करू. एकोची ओळ वर घ्या, हेडरची खाली. बहुधा इशारा येईल: कॅनॉट मॉडिफाय हेडर इन्फर्मेशन, हेडर्स ऑलरेडी सेंट बाय. आला नाही, तर तो का आला नाही हे पाच मिनिटांत येतंच.

नवखे लोक हा इशारा पूर्ण वाचत नाहीत. त्यात दोन जागा दिलेल्या असतात. एक, तुमची हेडरची ओळ, जी बिचारी निर्दोष आहे. दुसरी कंसात: "आउटपुट स्टार्टेड ॲट", मग फाइलचं नाव, कोलन, ओळ क्रमांक. गुन्हेगार या कंसात असतो. हेडरच्या ओळीकडे टक लावून बसू नका, थेट त्या फाइलच्या त्या ओळीवर जा.

तिथे काय सापडतं? एको किंवा उघडं एचटीएमएल असेल तर सोपं आहे, हेडर त्याच्या वर न्या. ओळीवर आधीचाच दुसरा एखादा इशारा छापला गेला असेल, समजा न भरलेलं व्हेरिएबल वापरल्याचा, तर तो आधी मिटवा. हेडरची तक्रार आपोआप थांबते. कंसातली ओळ एखाद्या इन्क्लूड केलेल्या फाइलची अगदी शेवटची असेल, तर त्या फाइलच्या बंद करणाऱ्या टॅगनंतर मोकळ्या ओळी किंवा स्पेस राहिलेली असते. टॅगला लागून आलेली एक ओळ पीएचपी गिळून टाकतं, दुसरी मात्र छापतं. यावर उपाय एकच: ज्या फाइलमध्ये फक्त पीएचपी आहे तिथे शेवटचा बंद टॅग लिहायचाच नाही. पीएसआर-१२ हा कोडिंगचा प्रघातही हेच सांगतो.

आणि कंसात ओळ क्रमांक १ असेल, पण पहिल्या ओळीवर सुरुवातीच्या टॅगशिवाय काहीच दिसत नसेल, तर तो बीओएम. फाइलच्या तोंडाशी बसलेले तीन अदृश्य बाइट: ईएफ, बीबी, बीएफ. "ही फाइल यूटीएफ-८ आहे" असं सांगायला काही एडिटर ते घालतात. विंडोजचं जुनं नोटपॅड यूटीएफ-८ म्हटलं की घालायचंच, आणि मराठी मजकूर जपायला आपल्याला यूटीएफ-८ निवडावंच लागायचं, त्यामुळे मराठी साइटवाल्यांना हा रोग जास्त. पीएचपीच्या दृष्टीने ते तीन बाइट म्हणजे छापायचा मजकूर. तुमची पहिली आज्ञा चालायच्या आत गाडी सुटलेली असते. व्हीएस कोडमध्ये खालच्या पट्टीवर एन्कोडिंग दिसतं. तिथे "यूटीएफ-८ विथ बीओएम" असेल तर त्यावर क्लिक करून साध्या यूटीएफ-८ मध्ये फाइल पुन्हा सेव्ह करा.

आता मघाचं राहिलेलं. "माझ्या लॅपटॉपवर चालतं, होस्टिंगवर चढवलं की इशारा येतो" ही तक्रार तुम्ही ऐकली असेल किंवा लवकरच स्वतः कराल. यामागे पीएचपी.आयएनआय या पीएचपीच्या सेटिंगच्या फाइलमधली "आउटपुट बफरिंग" ही सेटिंग असते. पीएचपीसोबत मिळणाऱ्या नमुना आयएनआय फाइलींत ती ४०९६ असते. आयएनआय नसेल तर बंद. ४०९६ म्हणजे तेवढे बाइट जमेपर्यंत पीएचपी मजकूर दाबून ठेवतं, गाडी फाटकात उभी असते, आणि उशिरा सांगितलेला हेडरही चालून जातो. चूक असते, दिसत नाही. मग एखाद्या दिवशी पान मोठं होतं आणि दिसते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, म्हणजे सुमारे १३६५ चिन्हांतच ही मर्यादा भरते. इंग्रजी पानात लपून राहिलेली चूक मराठी पानात लवकर उघडी पडते ती अशी.

म्हणून शिकताना ही सेटिंग बंद ठेवा. इंटरनेटवर या इशाऱ्यावर "सुरुवातीला ओबी-स्टार्ट टाका", म्हणजे कोडमधूनच बफरिंग चालू करा, हा सल्ला जागोजागी मिळतो. त्याने इशारा जातो, चूक तिथेच राहते. गळक्या छपराखाली बादली ठेवण्यातला प्रकार. खरा उपाय फाइलच्या रचनेत आहे: वरच्या अर्ध्यात सगळा विचार करून घ्या, म्हणजे फॉर्म तपासणं, डेटाबेस, हेडर, आणि खालच्या अर्ध्यात फक्त छापा. ही एक शिस्त लागली की हा इशारा तुम्हाला वर्षातून एखाद्या वेळी दिसेल.

पायरी तिसरी: दुसऱ्या पानावर पाठवणं, म्हणजे काकांच्या तीन पावत्या

फॉर्म भरून पाठवला की ब्राउझर पोस्ट विनंती करतो. उत्तरात तुम्ही थेट "पावती झाली" असं पान छापलंत, तर ब्राउझरच्या दृष्टीने ते पान म्हणजे त्या पोस्टचं उत्तर. रिफ्रेश केलं की तो तीच पोस्ट पुन्हा करतो. तो आधी विचारतो, पण वर्गणीच्या गर्दीत त्या खिडकीवरचा मजकूर कोण वाचतंय? उपाय: नोंद झाली की मजकूर न छापता ब्राउझरला नवीन पत्ता द्यायचा.

हेडर("लोकेशन: /पावती.पीएचपी?क्र=" . $आयडी, ट्रू, ३०३);
एक्झिट;

लोकेशन हेडर दिला की पीएचपी स्थिती आपोआप ३०२ करतं. मी तरी इथे ३०३ स्पष्ट लिहितो, कारण त्याचा अर्थच "आता हा दुसरा पत्ता गेट विनंतीने बघ" असा आहे. आता रिफ्रेश केलं तर फक्त पावतीचं पान पुन्हा उघडतं, नवी पावती होत नाही. ३०१ इथे चुकूनही वापरू नका. तो "कायमचं स्थलांतर" सांगतो आणि ब्राउझर ते लक्षात ठेवतो. तुम्ही कोड दुरुस्त केलात तरी त्या माणसाचा ब्राउझर जुन्याच वाटेने जात राहतो.

एक्झिटकडे जरा जवळून बघू. हेडर हे फंक्शन स्क्रिप्ट थांबवत नाही, फक्त पाटी लावतं. खालचा कोड चालतच राहतो. माझ्या पहिल्या आवृत्तीत "लॉगिन नसेल तर लॉगिनच्या पानावर पाठव" अशी ओळ होती आणि तिच्यानंतर एक्झिट नव्हतं. ब्राउझरमध्ये सगळं झकास: लॉगिन नसलेला माणूस लॉगिनवर जायचा. मग सहज कर्लने तोच पत्ता मागितला. वर ३०२, लोकेशन, कोरी ओळ, आणि खाली देणगीदारांची नावं, फोन नंबर, रकमा, सगळी यादी. ब्राउझर वळून गेल्यामुळे ती दिसत नव्हती, पण जात होती. त्या दिवसापासून माझ्या बोटांना लोकेशन आणि एक्झिट हा एकच शब्द वाटतो.

याच पायरीवर आणखी एक. पाठवायचा पत्ता वापरकर्त्याने दिलेल्या पॅरामीटरमधून जसाच्या तसा उचलू नका. कोणीही तुमच्या साइटच्या नावाने लिंक बनवून लोकांना भलत्याच साइटवर नेऊ शकेल. कुठे जायचं याची यादी तुमच्या कोडमध्ये असू द्या.

पायरी चौथी: यादी डाउनलोड करून देणं

खजिनदारांना यादी एक्सेलमध्ये हवी असते. नेहमीच हवी असते. त्यासाठी दोन हेडर लागतात. कंटेंट-टाइप मध्ये टेक्स्ट/सीएसव्ही आणि यूटीएफ-८. आणि कंटेंट-डिस्पोझिशन मध्ये "अटॅचमेंट" व फाइलचं नाव. त्याने ब्राउझर पान उघडायच्या ऐवजी फाइल उतरवतो.

नाव मराठीत द्यायचं असेल तर थोडं थांबा. हेडरच्या किमतीत देवनागरी थेट घालू नये. कुठला ब्राउझर काय करेल याचा भरवसा नसतो. त्याच हेडरमध्ये नाव दोनदा द्यायचं: एकदा "फाइलनेम" मध्ये साधं इंग्रजी अक्षरांतलं, आणि एकदा "फाइलनेम" ला चांदणी जोडून. चांदणीवाल्या रूपात बरोबरच्या चिन्हानंतर यूटीएफ-८, मग दोन एकेरी अवतरणचिन्हं, मग रॉ-यूआरएल-एन्कोड या फंक्शनातून काढलेलं मराठी नाव. ज्याला समजतं तो ब्राउझर चांदणीवालं घेतो, बाकीचे साधं. मग खजिनदारांच्या डाउनलोडमध्ये "वर्गणी यादी" अशी स्वच्छ मराठी फाइल दिसते आणि ते तुम्हाला मोठा इंजिनिअर समजतात.

पण फाइल उघडली की एक्सेलमध्ये डोक्यावर तिरकी रेघ घेतलेली परदेशी अक्षरं ओळीने उभी! हेडरमध्ये यूटीएफ-८ सांगितलं होतं ना? सांगितलं होतं, ब्राउझरला. फाइल डिस्कवर उतरली की हेडर मागेच राहतात, एक्सेलपर्यंत ते पोचत नाहीत. त्याला सांगायला फाइलच्या आतच खूण हवी. आणि ती खूण म्हणजे तेच ईएफ, बीबी, बीएफ. दुसऱ्या पायरीत ज्याला फाइलमधून हुसकावलं तो बीओएम इथे सन्मानाने छापायचा: हेडर झाल्यावर, यादीची पहिली ओळ छापायच्या आधी. पीएचपी फाइलच्या तोंडाशी तो विघ्न, सीएसव्हीच्या तोंडाशी मात्र हवाच.

मग एफ-पुट-सीएसव्ही ने ओळी लिहा आणि शेवटी एक्झिट. इथे एक्झिट विसरलं तर पानाचा फूटर, मंडळाच्या पत्त्यासकट, यादीच्या तळाशी जाऊन बसतो.

कंटेंट-लेंग्थच्या वाटेला जाऊ नका

डाउनलोडच्या नमुना कोडमध्ये कंटेंट-लेंग्थ हा मजकुराची लांबी सांगणारा हेडर हमखास दिसतो आणि आपण तो उचलतो. मराठी मजकुरात तो कसा चावतो ते बघायचं असेल तर चाचणीच्या फाइलमध्ये साधा मजकूर म्हणून "नमस्कार" छापा आणि त्याआधी लांबी म्हणून एमबी-स्ट्रलेन ने मोजलेला आकडा पाठवा. तो येतो ७: न, म, स, हलन्त, क, काना, र. ब्राउझरमध्ये दिसेल "नम" आणि पुढे प्रश्नचिन्हाचा एक काळा चौकट-ठिपका. कारण हा हेडर बाइट मोजतो, अक्षरं नाही. "नमस्कार" २१ बाइटचा आहे. ब्राउझरने ७ बाइट वाचले, त्यात दोन चिन्हं पूर्ण बसली आणि तिसऱ्याचा एक तृतीयांश तुकडा. नंतरचं त्याने वाचलंच नाही.

साधं स्ट्रलेन बाइट मोजतं, म्हणजे उत्तर २१ बरोबर येतं. पण मध्ये सर्व्हरने मजकूर दाबून लहान केला तर तेही चुकतं. डिस्कवरची तयार फाइल देत असाल तर फाइलसाइझ वापरून लांबी द्या, डाउनलोडची पट्टी नीट सरकते. बाकी ठिकाणी हा हेडर सर्व्हरवर सोडा.

पायरी पाचवी: जुनं पान दाखवू नको

लॉगआउट केल्यावर मागे जायचं बटण दाबलं आणि देणगीदारांची यादी पुन्हा दिसली, असं झालं तर कॅश-कंट्रोल आठवा. (हा कॅश म्हणजे ब्राउझरने साठवून ठेवलेली पानं, खजिनदारांचा नव्हे.) यात दोन शब्दांची गल्लत सगळे करतात. "नो-कॅश" म्हणजे साठवू नको असं वाटतं. प्रत्यक्षात त्याचा अर्थ साठव, पण वापरण्याआधी मला विचार. साठवूच नको यासाठी शब्द आहे "नो-स्टोअर". खाजगी माहितीच्या पानांना तो द्या:

हेडर("कॅश-कंट्रोल: नो-स्टोअर");

लॉगिन लक्षात ठेवायला तुम्ही सेशन-स्टार्ट हे फंक्शन वापरत असाल तर पीएचपी हे काम आधीच करत असतं. आणि सेशन-स्टार्ट कुकी पाठवतं, कुकी हा हेडरच, म्हणून तेही फाइलच्या वरच्या अर्ध्यातच हवं. एकाच नावाचा हेडर दोनदा सांगितला तर दुसरा पहिल्याला पुसतो, हेही इथेच लक्षात ठेवा. दोन कुक्या हेडर फंक्शनने पाठवायला गेलात तर एकच पोचेल. कुकीसाठी सेट-कुकी हे वेगळं फंक्शन आहे, तेच वापरा.

सेशन चालू असलेल्या पानाचे हेडर कर्लने बघाल तेव्हा एक्स्पायर्स समोर गुरुवार, १९ नोव्हेंबर १९८१, ८ वाजून ५२ मिनिटं अशी तारीख दिसेल. सर्व्हरचं घड्याळ बिघडलेलं नाही. पान केव्हाच शिळं झालंय असं ब्राउझरला वाटावं म्हणून पीएचपीने मुद्दाम घातलेली ती जुनी तारीख आहे, आणि जगभरच्या पीएचपी साइटींवर तीच दिसते.